मालकीण हाकेला ओ देत नाही

मावशीला लोकांनी बरंच काही म्हटलं होतं. तापट म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं, नवऱ्याने तर एकदा भांडणाच्या भरात 'हवालदार' म्हटलं होतं. पण 'निर्दयी' हा शब्द तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. तो आला शनिवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाचीच्या लॅपटॉपमधून.

"वाच," भाची म्हणाली. "पण आधी बस."

भाची चांगली मोठी, सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी करणारी. पण घरात तिचं नाव अजून चिंगीच. मावशीच्या कॅम्पसाइटचं ऑनलाइन सगळं तीच बघायची. मावशी बसली, चष्मा लावला आणि वाचू लागली.

'एक स्टार, तोही द्यावाच लागतो म्हणून. आमच्या सहा वर्षांच्या मुलीचा पाय ओढ्यातल्या दगडांत अडकला. ती जिवाच्या आकांताने हाका मारत होती. मालकीण तिथेच नळाशी उभी होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. बादली भरली आणि निघून गेली. आम्ही धावत पोचलो म्हणून पोर वाचली. इतकी निर्दयी बाई आम्ही जन्मात पाहिली नाही. लहान मुलं असतील तर इथे जाऊ नका.'

मावशीने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचं बोट स्क्रीनवर टेकलं होतं, जणू एखादा शब्द बोटाने दाबला तर पुसला जाईल.

"खोटं आहे हे!" ती म्हणाली, आणि चिंगी खुर्चीत दचकली. "सपशेल खोटं! मी पोराची हाक ऐकून निघून जाईन? मी?"

"मलाही तेच वाटलं."

"माणसं इतकी खोटं लिहितात? आणि हे छापतात कसे? विचारत नाहीत कुणाला?"

कॅम्पसाइट म्हणजे मावशीचा जीव की प्राण. नोकरीची सगळी वर्षं तिने एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. कानाला यंत्र, समोर दिव्यांची रांग. कोण साहेब चिडलेला आहे आणि कोण नुसता घाईत आहे, हे तिला पहिल्या 'हॅलो'वरून कळायचं. बदली ऑपरेटर कुजबुजायच्या, तेही तिला ऐकू जायचं, म्हणून तिच्या पाळीत कुणी कुजबुजत नसे. काका, म्हणजे तिचा नवरा, लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर होते. दोघं निवृत्त झाली आणि शहराबाहेर ओढ्याच्या काठची उताराची गवताळ जागा त्यांनी घेतली. तंबूंसाठी सपाट चौथरे केले, पत्र्याच्या छपराखाली भांडी घासायची जागा केली, बाथरूम बांधली, फाटकाशी स्वतःचं दोन खोल्यांचं घर केलं. वर बंधारा होता. त्यावरून पाणी सतत पडत असायचं आणि त्याचा घुमणारा आवाज सगळ्या जागेवर पांघरुणासारखा पसरलेला असायचा. पहिल्या उन्हाळ्यात शाळकरी चिंगी सुट्टीला आली होती. ती दिवसभर 'मावशी, मावशी' करत फिरायची. तंबूतल्या पाहुण्यांनी तेच उचललं. तेव्हापासून ती सगळ्यांची मावशी.

तेव्हापासून एखाद्या मुलाला तिथे साधं खरचटलं तरी मावशी हळद-मलम घेऊन हजर असायची. तिचा अभिमान हाच होता. बाथरूम जुनी असेल, वाट खडबडीत असेल, पण पोरं सुखरूप.

"आता हे बघ," चिंगी म्हणाली आणि तिने कंपनीचा मेल उघडला. ज्या वेबसाइटवरून मावशीकडे जवळजवळ सगळेच पाहुणे येत, त्या कंपनीने कळवलं होतं, की मुलांच्या सुरक्षिततेबद्दल तक्रार आली आहे. सोमवारपर्यंत खुलासा करा. खुलासा पटला नाही, तर जागा यादीतून काढण्यात येईल.

"काढण्यात येईल म्हणजे?"

"म्हणजे तू कुणाला दिसणारच नाहीस. शोधलं तरी सापडणार नाहीस."

उन्हाळा तोंडावर आला होता. पण चिंगी सॉफ्टवेअरवाली, हातपाय गाळणाऱ्यांतली नव्हती. तिने खुलासा लिहूनच आणला होता: सदर प्रसंग घडलेलाच नाही, रिव्ह्यू बनावट आहे, बहुधा जवळच्या प्रतिस्पर्ध्याचं काम आहे, तो काढून टाकावा. शिवाय रेटिंग वर खेचायचीही सोय तिने केली होती.

"हे बघ, कालपासून पाच पाच स्टार पडायला लागलेत."

मावशीने वाचलं. 'स्वर्ग! बाथरूम पंचतारांकित. मावशींच्या हातच्या प्रेमाला तोड नाही.'

"हा कोण? कधी आला होता हा?"

"ऑफिसात माझ्या शेजारी बसतो."

"आणि ही, 'पहाटे खिडकीतून समुद्र पाहून डोळे भरून आले'?"

चिंगीने जीभ चावली. "ती जरा वाहवत जाते. तिला सांगते, ओढा कर म्हणून."

"अगं, आपल्याकडे तंबू आहेत! खिडकी कुठली?" मावशीने कपाळाला हात लावला. "म्हणजे माणसं न येता, न राहता असं लिहू शकतात?"

"सगळे करतात मावशी. आणि उलटंही करतात. हा बघ, पाऊस पडला म्हणून दोन स्टार. याचा गॅसचा सिलिंडर घरी राहिला म्हणून तीन. या बाईंना तर जागा फार आवडली, पण चुकून एकावर बोट पडलं आणि खाली लिहिलंय 'सर्वोत्तम'."

"मग या स्टारांवरून जागा निवडणारा माणूस शहाणा की खुळा?"

"म्हणून तर म्हणते, मनाला लावून घेऊ नकोस. हाही तसलाच असेल."

मावशीला तेवढ्याने बरं वाटायला हवं होतं. पण नळ, बादली, सहा वर्षांची मुलगी हे गॅस सिलिंडरसारखं वाटत नव्हतं. तिला एक निळी गाडी आठवली. मागच्या महिन्यात एका माणसाने भर दुपारी तंबू उपटला होता, अक्षरशः उपटला होता, खुंट्यांसकट. चेहरा लालबुंद. गाडीत मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं पोर. तो फाटकाशी काहीतरी बोलला होता आणि तिने हसून 'पुन्हा या' म्हटलं होतं. डास चावले असतील म्हणून चिडलाय, असं ती त्या दिवशी काकांना म्हणालीही होती.

"चिंगे," ती सावकाश म्हणाली, "बाकीच्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलंय? बाथरूमचं नको. माझ्याबद्दल."

चिंगीने सगळ्या रिव्ह्यूंतून फक्त 'मावशी' किंवा 'मालकीण' हे शब्द असलेले वेगळे काढले आणि तारखेप्रमाणे लावले, सगळ्यात जुना वर. तिला वाटलं, जुनं कौतुक आधी येईल, मावशीला धीर येईल. मग ती मोठ्याने वाचू लागली.

'मालकीण इतक्या हळू आवाजात बोलतात की आमचं बाळ झोपेतून उठलं नाही.' 'दूरच्या तंबूतली गिटार मावशींना आमच्याआधी ऐकू आली, गोड बोलून त्यांनी ती बंद करवली.' 'अंधारात आमचं बाळ कुरकुरलं तर या बाई कंदील घेऊन दारात.'

"हं," मावशी म्हणाली. मान जरा ताठ झाली.

'मालकिणीचा आवाज खणखणीत.' 'प्रेमळ आहेत, पण एक गोष्ट दोनदा विचारावी लागते.' 'गरम पाणी कुठे मिळेल विचारलं, तर म्हणाल्या, हो हो, तुमचंही छान आहे.'

चिंगी फिसकन हसली. मावशीही हसली. "असं मी कधी म्हणाले?"

'शेजारच्या तंबूत रात्रभर धिंगाणा. मालकिणीला पत्ताच नाही.' 'बाई बोलत नाही, ओरडते. माझी बायको रडकुंडीला आली.' 'सकाळी भांडी अशी आपटते की मेलेला उठून बसेल.' 'गर्विष्ठ. मालकीण हाकेला ओ देत नाही.' 'समोर गेलं की साखर, पाठ वळली की ओळख नाही.' 'दोनदा हाक मारली, सरळ निघून गेली.'

हसू केव्हा थांबलं ते दोघींनाही कळलं नाही. चिंगीचा आवाज खाली खाली जात गेला आणि मावशी तिच्या तोंडाकडे एकटक बघत पुढे पुढे झुकत गेली. शेवटचा रिव्ह्यू ओढ्यातल्या मुलीचा होता. तो चिंगीने वाचला नाही. ती मावशीकडे बघत होती.

"काय झालं? बोल की."

"मावशी, तुला ऐकू कमी येतं का गं?"

मावशी खो खो हसली. "मला? अगं, मी टेलिफोन बोर्डावर होते! बहिरे हे आहेत. करवतीने कान गेलेत यांचे. साऱ्या घराला ठाऊक आहे!"

ते खरंच होतं. घरात ते कधीच ठरून गेलं होतं. काका बहिरे, म्हणून सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं. काका बहिरे, म्हणून टीव्ही भिंती हादरेपर्यंत मोठा. फोन स्पीकरवर, तोही काकांसाठी. पाहुणे आले की काकांच्या बहिरेपणाचे दोन-तीन विनोद व्हायचे, काका गालात हसायचे आणि वर्तमानपत्र पुढे धरायचे. आताही ते खिडकीशी तेच करत होते. पण या वेळी वर्तमानपत्र खाली आलं.

"मी बहिरा नाही," काका म्हणाले.

चिंगीने वळून पाहिलं. "काय?"

"थोडं कमी आहे डाव्या कानाला. वखारीच्या डॉक्टरने तपासलं होतं नोकरी सोडताना. काळजीचं काही नाही म्हणाला."

"मग तो टीव्ही?" चिंगी जवळजवळ किंचाळली. "काका, तो टीव्ही फाटकापर्यंत ऐकू येतो!"

"मला कुठे एवढा लागतो? माझं तर डोकं उठतं. ही लावते मोठा. मला वाटलं, हिला आवडतो." काकांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "आणि तुम्ही सगळे माझ्याशी ओरडून बोलता. मी म्हटलं, असतील सवयीने बोलत. किती जणांना सांगत बसायचं?"

"काय म्हणतायत ते?" मावशीने विचारलं. काका तिच्या पाठीमागे बसले होते.

हा प्रश्न तिने याआधी हजारदा विचारला असेल. त्या घरात त्याच्याकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. या वेळी चिंगी आणि काका दोघंही एकदम तिच्याकडे बघू लागली.

मावशी उठली. "चला," ती म्हणाली. "नळापाशी चला. आत्ताच्या आत्ता. मी पाठ फिरवून उभी राहते. तुम्ही ओढ्यात उतरा, त्याच दगडांपाशी, आणि हाका मारा. हाक आली की मी हात वर करते. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. आणि मग तो तुझा खुलासा पाठव, माझ्या सहीने."

तिघं उतरून गेली. हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे चौथरे रिकामे होते. गवतावर नुसत्या मागच्या तंबूंच्या पिवळट खुणा. मावशीने बादली नळाखाली ठेवली, नळ सोडला, ओढ्याकडे पाठ केली. बंधाऱ्याचं पाणी नेहमीसारखं घुमत होतं. तिच्या लेखी तर तो आवाजही अलीकडे जरा मंद झाला होता. पाणी कमी झालं असेल, असं ती समजून चालली होती.

ती ताठ उभी राहिली, शाळेत कवायतीला उभं राहावं तशी, उजवा हात तयारीत. काकांना दगडांवरून उतरायला वेळ लागणार, गुडघे दुखतात त्यांचे. बादली अर्धी झाली. चिंगीची चप्पल घसरली असेल. ऑफिसात बसून बसून पोरींना चालायची सवय राहत नाही. बादली भरली. भरून वाहू लागली. मावशीने नळ बंद केला आणि तरी ती वाट बघत राहिली. काय चाललंय काय यांचं? गप्पा मारत बसलेत की काय?

शेवटी तिचा धीर सुटला. "अहो, सुरू करा की आता!" असं म्हणत ती वळली.

काका ओढ्याच्या मधोमध उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत ओली. दोन्ही हात तोंडाभोवती धरलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड उघडं. ते ओरडत होते. सगळ्या ताकदीने ओरडत होते. त्यांच्या बाजूला चिंगी दगडावर बसली होती, तोंडावर हात दाबून, आणि तिचे खांदे हलत होते.

मावशीला आता, काकांचं तोंड दिसत असताना, त्यांचा आवाज कसाबसा ऐकू आला. आपलंच नाव. कितव्यांदा, कुणास ठाऊक. अंतर तरी किती होतं? धुणं वाळत घालायची दोरी ताणता येईल, इतकंच.

तिचा हात अजून अर्धा वर होता. तो तिने खाली घेतला. ती नळाच्या कट्ट्यावर टेकली. आपल्याला ऐकू येत नाही, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलंच नाही. पहिल्यांदा आली ती मुलगी. कमरेएवढ्या पाण्यात, याच दगडांत, याच अंतरावर. तिने पाहिलं असेल, समोर एक मोठं माणूस उभं आहे. एक मावशी. बादली भरतेय. आणि मग ती मावशी बादली उचलून चालायला लागली.

"आई गं," मावशी म्हणाली. एवढंच म्हणाली.

चिंगी धावत आली, तिला मिठी मारली, कानाशी काहीतरी बोलू लागली. मावशीने तिला दूर केलं. "समोर ये. समोर येऊन बोल."

"मी म्हणते, तुझी काही चूक नाही यात! तुला माहीतच नव्हतं!"

"त्या पोरीला तरी कुठे माहीत होतं?"

तिघं घरी आली. काकांनी ओली पँट बदलली. चिंगीने लॅपटॉप उघडला आणि तिचा नेहमीचा उत्साह गोळा करून कामाला लागली. खुलासा जरा बदलू, ती म्हणाली. 'प्रसंग घडला नाही'ऐवजी 'घडल्याची नोंद नाही' म्हणू. ते खोटं होत नाही. सोमवारी तो रिव्ह्यू उडेल. मग शांतपणे कान तपासू, यंत्र घेऊ, कुणाला काही कळायचं कारण नाही.

"आणि तो माणूस?" मावशीने विचारलं.

"कोण?"

"निळ्या गाडीचा. त्याने खरं ते लिहिलं, आणि आपण त्याला खोटं पाडायचं?"

"मावशी, खरं लिहिलं तर ते जागा काढतील गं यादीतून. आख्खा उन्हाळा जाईल. कदाचित परत घेणारही नाहीत. तुझी जागा आहे ती!"

"माझी आहे म्हणूनच." मावशीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "इतक्या वर्षांत शेकडो लोकांनी लिहिलं. कुणी स्वर्ग म्हणालं, कुणी समुद्र बघितला. जागा निवडणाऱ्याच्या कामाचं एकट्या यानेच लिहिलंय, लहान मुलं असतील तर इथे जाऊ नका. आज तरी ते बरोबर आहे. तो रिव्ह्यू राहू दे. तुझ्या ऑफिसवाल्यांचे तेवढे काढ."

"सगळे?"

"समुद्रवालीचा पहिला."

मग ती सांगत गेली आणि चिंगी टाइप करत गेली, मधून मधून नाक पुसत. 'तक्रार खरी आहे. मुलगी हाका मारत होती आणि मी नळाशी होते. मला ऐकू येत नाही, हे आम्हाला आज कळलं. ओढ्यावर दुसऱ्या माणसाची सोय होईपर्यंत इथे कुणाला पाठवू नये. मुलीच्या आईवडिलांपर्यंत हे पोचवावं. तिला सांगावं, की मावशीने ऐकलं असतं तर मावशी पाण्यात उडी मारून आली असती.'

"शेवटचं वाक्य काढू?" चिंगीने विचारलं. "कंपनीच्या मेलमध्ये जरा..."

"ते कंपनीला नाहीच आहे. राहू दे."

चिंगीने बटण दाबलं नाही. ते मावशीने दाबलं. कंपनीत सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी बसलेलं असावं, कारण दुपार कलायच्या आत कॅम्पसाइटचं पान राखाडी झालं. फोटो गेले, ओढा गेला, स्टार गेले, आणि मधोमध एक ओळ उरली: ही जागा सध्या उपलब्ध नाही.

तिघंही त्या ओळीकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांची गवत कापणी, बाथरूमच्या फरश्या, पहाटेचे चहा, सगळं एका ओळीत. चिंगीला रडू आवरेना. मावशीच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. धक्का इतका ताजा होता की त्याच्यावर दुसरा बसायला जागाच नव्हती. ती आपले दोन्ही कान तळहातांनी झाकायची, सोडायची, पुन्हा झाकायची, जणू फरक किती पडतो ते बघत होती.

"डॉक्टरकडे कधी जायचं?" तिने समोरच्या स्क्रीनलाच विचारलं.

"सोमवारी सकाळी जाऊ," काका मागून म्हणाले.

मावशी हलली नाही. तळहात कानावर नव्हते, तरीही हलली नाही. चिंगीने ओरडून सांगायला श्वास घेतला, पण काकांनी हात करून तिला थांबवलं. ते उठले, दुखऱ्या गुडघ्याने टेबलाला वळसा घालून आले, खुर्ची ओढून मावशीच्या अगदी समोर बसले आणि तिने वर बघेपर्यंत थांबले.

मग हळू आवाजात, ओठ नीट उघडत, तेच पुन्हा म्हणाले.